सगळ्यात मागच्या सायकलीचा वेग



परिसर अभ्यासात क्षेत्रभेट असते. आपण बहुतेक वेळा मुलांना टेम्पोत नाहीतर जीपमध्ये बसवतो, ठिकाण दाखवतो, फोटो काढतो आणि परत आणतो. वाट तशीच राहते. म्हणून मागच्या वर्षी आम्ही ठरवलं, क्षेत्रभेट सायकलवर करायची. शर्यत नाही, स्पर्धा नाही, बक्षीस नाही. रविवारी सकाळी मुलं, पालक आणि शिक्षक मिळून आरामात फिरून यायचं.

पहिल्या वेळी माझी चूक झाली, ती आधी सांगते. "सगळ्यांनी सावकाश चला," एवढंच सांगून मी पुढे निघाले. मोठी मुलं सुटली ती सुटलीच. पहिल्या थांब्यावर मोजणी केली तर एक मुलगा कमी! माझ्या पोटात गोळा आला. मागे वळून गेले तर चौथीतला आमचा एक विद्यार्थी रस्त्याच्या कडेला उतरलेली चेन बसवत होता. हात काळे, चेहरा रडवेला. म्हणाला, "मॅडम, तुमी जा पुढं, मी येतो मागून."

हे वाक्य मी वर्गातही ऐकलं होतं. वाचनाच्या तासाला त्याची पाळी आली की तो असंच काहीतरी म्हणायचा. त्या दिवशी आम्ही तिथूनच परत फिरलो. दुसऱ्यांदा निघण्याआधी मात्र नीट विचार केला. तोच अनुभव इथे मांडते आहे.

वाट कशी निवडावी?

आम्ही अंबाजोगाईहून आद्यकवी मुकुंदराजांच्या समाधीकडे जाणारी वाट निवडली. अंतर जाऊन-येऊन मुलांना झेपणारं आहे आणि रस्ता पक्का आहे. शहर मागे पडलं की बालाघाटचा डोंगर आणि दरी दिसायला लागते. आपल्या गावाजवळ असा रस्ता असेलच. धरणाकडे जाणारा, देवस्थानाकडे जाणारा किंवा वनविभागाच्या रोपवनाजवळून जाणारा. मुंबईत बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात लोक भाड्याच्या सायकली घेऊन जंगलातल्या डांबरी रस्त्याने कान्हेरी लेण्यांकडे जातात. आपल्याकडे तशी सोय नसली तरी रविवारी सकाळचा कमी वर्दळीचा रस्ता आहे. तेवढा पुरतो.

पक्क्या रस्त्याचा आग्रह का? एक तर मुरमाच्या वाटेवर चाक रुततं, घसरतं आणि लहान मुलांचा दम लवकर जातो. दुसरं कारण आपल्या भागातलं, सराटे आणि बाभळीचे काटे! पाऊलवाटेवर शंभर पावलं गेलं की ट्यूब बसलीच म्हणून समजा. डांबरी रस्त्यावरही सायकल कडेच्या गवतात घालू नका, असं मुलांना आधीच सांगा.

मागे कोण राहतं? गणित करून पाहू

दुसऱ्या फेरीच्या आधी वर्गात हा प्रश्न घेतला. एक मुलगा ताशी १४ किलोमीटर वेगाने जातो, दुसरा ताशी ९ ने. दोघे एकाच वेळी निघाले तर १५ मिनिटांनी त्यांच्यात किती अंतर पडेल? एका तासात ५ किलोमीटरचा फरक, तर पाव तासात सव्वा किलोमीटर. मुलांचा विश्वास बसेना. सव्वा किलोमीटर म्हणजे हाक मारली तरी ऐकू न येणारं अंतर. मुद्दाम कोणी कोणाला सोडून जात नाही, तरी पंधरा मिनिटांत मागचा एकटा पडतो.

मग आम्ही सायकली मोजल्या. टायरवर खडूने खूण केली, जमिनीवर खूण केली आणि चाक एक पूर्ण फेरा होईपर्यंत सरळ ढकललं. २६ इंची मोठ्या चाकाचा एक फेरा साधारण २०७ सेंटीमीटर भरला, २० इंची लहान चाकाचा साधारण १६०. आता ४ किलोमीटर जायचं, म्हणजे ४ लाख सेंटीमीटर. भागाकार केला. मोठं चाक सुमारे १,९३० वेळा फिरतं, तर लहान चाक २,५०० वेळा. म्हणजे साधारण ५७० फेरे जास्त! दोन्ही सायकलींच्या पायडलच्या आणि मागच्या चक्रीच्या दात्यांचं प्रमाण सारखं असेल, तर लहान सायकलवाल्याला पायडलही त्याच प्रमाणात जास्त मारावे लागतात.

आमचा मागे राहणारा मुलगा बहिणीसाठी घेतलेली जुनी २० इंची सायकल चालवत होता. फळ्यावरचं उत्तर पाहून वर्गातली एक मुलगी म्हणाली, "म्हंजी तो हळू नाही मॅडम, तो तर आपल्याहून जास्त पायडल मारतो." मी फळा पुसला नाही. तास संपेपर्यंत ते उत्तर तसंच राहू दिलं.

रांग कशी लावावी?

यासाठी आम्हाला दिंडी आठवली. मुक्ताईची पालखी दरवर्षी बीडमधून पंढरपूरला जाते, तेव्हा मुलांनी दिंडी पाहिलेली असते. पुढे पताका, मध्ये टाळकरी, मागे वीणेकरी. कितीही उत्साह असला तरी कोणी पताकेच्या पुढे पळत नाही. आम्ही तसंच ठरवलं.

१. सर्वात पुढे एक मोठा माणूस. त्याला ओलांडायचं नाही.

२. त्याच्या लगेच मागे सगळ्यात लहान चाकाची सायकल. पूर्ण गटाचा वेग तीच ठरवेल.

३. सर्वात मागे एक मोठा माणूस. पंप, पाना, ट्यूबचे पॅच, सोल्युशन आणि प्रथमोपचाराची पिशवी त्याच्याकडे. त्याच्या मागे कोणीही राहायचं नाही.

४. रस्त्याच्या डाव्या बाजूने एकामागे एक. दोन सायकलींत किमान दोन सायकलींएवढं अंतर.

५. डबलसीट नाही, हात सोडून चालवणं नाही, मोबाइल नाही.

६. दर १५ मिनिटांनी थांबा, पाणी आणि मोजणी. मुलांनी स्वतः आपला क्रमांक म्हणायचा.

वेग बरोबर आहे की नाही हे ओळखायची सोपी खूण म्हणजे सायकल चालवता चालवता बोलता आलं पाहिजे. धाप लागून बोलणं तुटत असेल तर वेग जास्त झाला.

आदल्या दिवशी शाळेत सायकल तपासणी घ्या. हवा, दोन्ही ब्रेक, चेनचा ताण, घंटी आणि सीटची उंची पाहा. थांबल्यावर पाय जमिनीला टेकले पाहिजेत. ट्यूबचं छिद्र शोधायला पाण्याचं घमेलं घेतलं, तर बुडबुडे पाहताना विज्ञानाचा तासही होतो. उतारावर फक्त पुढचा ब्रेक जोरात दाबला तर सायकल उलटू शकते. दोन्ही ब्रेक हळूहळू लावायचे, हे मैदानावर करून घ्या. दरीकडचा जास्त उतार आम्ही सायकली हातात धरून चालत उतरलो. चालण्यात कमीपणा नाही, हे मोठ्यांनीही चालून दाखवलं.

एक सूचना खास आपल्या भागासाठी. कारखाने सुरू झाले की उसाच्या ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या असतात. ट्रॅक्टर आणि पहिली ट्रॉली पुढे गेली की मुलाला वाटतं, गाडी गेली. तेवढ्यात दुसरी ट्रॉली जवळून जाते. त्यामुळे ट्रॅक्टरचा आवाज आला की सगळ्यांनी कडेला उतरून थांबायचं. शक्यतो ही फेरी हंगामाआधीच, दसऱ्याच्या सुमारास काढा.

वाटेवर काय शिकता येतं?

सावकाश गेलं की दिसतं, म्हणून मुद्दाम शिकवावं लागत नाही. रस्ता कापलेल्या जागी काळा दगड दिसला. हा बेसाल्ट, कोट्यवधी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होऊन तयार झालेला. आपली काळी मातीही याच खडकाची झीज होऊन झाली. डोंगरउतारावर सीताफळाची झाडं होती. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, हे ऐकून मुलांना नवल वाटलं. त्यांना ते रोजचं रानातलं फळ वाटत होतं. तारेवर वेडा राघू आणि कोतवाल बसलेले. कोण कशी शेपटी हलवतं, याचं निरीक्षण मुलांनी वहीत लिहिलं.

समाधीजवळ बसून इतिहासाचं गणित केलं. मुकुंदराजांचा 'विवेकसिंधु' शके १११० चा मानला जातो. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतं, म्हणजे ११८८. ज्ञानेश्वरी शके १२१२ ची, म्हणजे इसवी सन १२९०. फरक १०२ वर्षांचा. "ज्ञानेश्वरीच्या आधीचं मराठी पुस्तक आपल्या तालुक्यातलं?" असं एका पालकांनीच विचारलं. त्यावर परतीच्या वाटेवर मोठ्यांमध्येच चर्चा रंगली.

एक आई दहावीनंतर पहिल्यांदा सायकलवर बसल्या होत्या. सुरुवातीला हँडल डगमगलं, मग जमलं. आठवी ते बारावीच्या मुलींना मानव विकास कार्यक्रमातून सायकल मिळते, पण घरी आल्यावर ती भाऊच वापरतो असंही होतं. आईला सायकल चालवताना पाहिलेली मुलगी आपली सायकल सहजासहजी सोडणार नाही, असं मला वाटतं.

शेवटी

त्या दिवशी सर्वात मागे मी होते. माझ्यासोबत त्या मुलाचे वडील होते. ते ऊसतोडीला जातात. पालकसभेला ते कधी आले नव्हते, पण सायकलवर आले. पोरगं रांगेत दुसऱ्या नंबरवर, सगळा गट त्याच्या वेगाने चाललेला. वडील बराच वेळ पुढे बघत राहिले. मग त्यांनीच विषय काढला. दरवर्षी दिवाळीनंतर मुलगा त्यांच्यासोबत फडावर जातो आणि हंगाम संपल्यावरच परत येतो. म्हणून वाचनात मागे पडतो, हे त्यांनाही कळत होतं. मी हंगामी वसतिगृहाबद्दल सांगितलं. मूल गावात आजीजवळ राहील, जेवणाची सोय होईल, शाळा बुडणार नाही. त्यांनी लगेच हो म्हटलं नाही. "म्हातारीला इचारतो," म्हणाले.

कार्यालयात खुर्चीत समोरासमोर बसून हे बोलणं झालं नसतं. ताशी नऊ किलोमीटरच्या वेगात झालं.

वर्गातही प्रत्येकाचं चाक वेगळ्या मापाचं असतं. मागे राहणाऱ्याला "लवकर आटप" म्हणण्याआधी त्याला किती जास्त फेरे मारावे लागतात, हे आपण मोजलं पाहिजे. आता मी वाचनाच्या तासाला त्याला शेवटी ठेवत नाही. दुसरा नंबर त्याचा असतो.

दिवाळीनंतर गावातून टोळ्या गेल्या. त्याचे आईवडीलही गेले. दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना मी त्याचं नाव जरा घाबरतच उच्चारलं.

"हजर, मॅडम."

आपल्या शाळेजवळची एखादी वाट शोधा, आदल्या दिवशी स्वतः जाऊन पाहून या आणि पालकांना नक्की सोबत घ्या. फक्त एक नियम मोडू नका. सगळ्यात लहान चाक पुढे!