जालन्याहून पुण्या-मुंबईच्या डेव्हलपर मेळाव्याला निघालात, पण सॉफ्टवेअरच ओळखीचं नाही? मग करायचं काय?

जालना म्हटलं की स्टील, बियाणं आणि मोसंबी. पण जालन्यात किंवा परतूरला कॉम्प्युटर शिकणाऱ्या पोरांना ओपन सोर्सचा मोठा मेळावा गाठायचा असेल, तर गाडी धरावी लागते पुण्याची नाहीतर मुंबईची. भाड्याचे पैसे जाणार, कॉलेज बुडणार. आणि तिथं जाऊन काहीच कळलं नाही तर?

भीती खरी आहे. पण हे मेळावे चालतात कसे ते माहीत असलं की ती बरीच कमी होते.

ओपन सोर्स म्हणजे ज्याचा कोड कुणालाही वाचता, बदलता आणि वाटता येतो असं सॉफ्टवेअर. अँड्रॉइडच्या पोटातला लिनक्स असाच, व्हीएलसी प्लेअरही तसाच. ते बनवणारी माणसं जगभर पसरलेली असतात, म्हणून मधूनमधून एका जागी जमतात.

या जमण्याचे दोन भाग असतात. एक भाषणांचा. त्यातली बरीचशी नंतर यूट्यूबवर येतात, त्यामुळे एखादं डोक्यावरून गेलं तरी बिघडत नाही. खरा माल असतो दुसऱ्या भागात, स्प्रिंटमध्ये. पुण्यात फेब्रुवारी २०१७ मध्ये झालेल्या ‘पायकॉन पुणे’च्या ४ दिवसांपैकी २ दिवस निव्वळ यासाठी होते. स्प्रिंट म्हणजे काय, तर एका टेबलाभोवती लॅपटॉप उघडून बसायचं आणि त्या सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्यांसोबत प्रत्यक्ष काम करायचं.

आता तुम्ही म्हणाल, नवख्या माणसाचा तिथं उपयोग काय?

तर उपयोग आहे. सॉफ्टवेअर कसं बसवायचं याची माहिती जुन्या माणसाने लिहिलेली असते. त्याच्या हाताला सवय झालेली असते, त्यामुळे मधली एखादी पायरी लिहायची राहून जाते. ती गाळलेली पायरी फक्त नवख्यालाच ठेचकाळून सापडते. ती लिहून पाठवणं हेच अनेकांचं पहिलं योगदान असतं. मेन्यूतले शब्द मराठीत आणणं हेही असंच काम, त्याला कोड यावा लागत नाही.

मात्र कोऱ्या लॅपटॉपने जाऊ नका. शे-दोनशे माणसं एकदम डाउनलोडला बसली की तिथलं वायफाय हमखास मान टाकतं. सॉफ्टवेअर घरूनच बसवून न्या. विंडोज काढायचं नसेल तर लिनक्स पेनड्राइव्हवरूनही चालतं. बसवताना जिथं अडलं, तो एररचा मजकूर जसाच्या तसा उतरवून ठेवा. घरी ३ दिवस डोकं खाल्लेला प्रश्न तिथं शेजारचा माणूस स्क्रीन बघून ५ मिनिटांत सोडवतो, पण त्याला ‘चालत नाही’ एवढंच सांगून भागत नाही.

इंग्रजीचं दडपण असेल तर आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’चे लिनक्स, लिब्रेऑफिसवरचे छोटे व्हिडिओ मराठीतही आहेत. जाण्याआधी बघून ठेवा. आणि पुण्या-मुंबईच्या टेबलावर मराठीत विचारलेला प्रश्न समजणारं कुणीतरी असतंच.

राहिला खर्च. काही मेळावे प्रवास आणि राहण्यासाठी मदत देतात. सप्टेंबर २०२३ मध्ये कोचीला झालेल्या ‘डेबकॉन’मध्ये, म्हणजे डेबियन लिनक्सवाल्यांच्या जागतिक मेळाव्यात, तशी सोय होती. पण मदतीच्या अर्जाची मुदत कार्यक्रमाच्या बरीच आधी संपते. त्यामुळे तारीख जाहीर झाली की तिकिटाआधी तो फॉर्म शोधा.