जुन्या मालकाचा शब्द आणि आपली कागदपत्रे

आदिलाबादसारख्या जिल्ह्यात नोकरी बहुधा जाहिरातीपेक्षा ओळखीने मिळते. जिनिंग कारखाना असो, खासगी शाळा असो वा वाहतूक कंपनीचे कार्यालय, नवा मालक जुन्या मालकाला एक फोन करतो आणि निर्णय घेतो. कामसू माणसाला ही रीत लाभते. मात्र थकलेला पगार, अपमान वा छळ यांमुळे ज्याने नोकरी सोडली, त्याच्या वाटेत तोच फोन आडवा येतो. पैनगंगा ओलांडून पांढरकवडा गाठले, तरी व्यापारातील ओळखी तेथवर पोहोचलेल्या असतात.

अशा वेळी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. नवा मालक प्रत्यक्षात तीन प्रश्न विचारत असतो: या माणसाने तेथे खरोखर काम केले का, ते कसे केले, आणि नोकरी का सोडली? तिन्हींची उत्तरे एकाच माणसाच्या तोंडून यावीत, असा कोणताही नियम नाही.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर कागद देतात. नेमणूकपत्र, पगाराच्या पावत्या, बँकेतील पगाराच्या नोंदी आणि राजीनाम्याची पोहोच यांच्या प्रती नोकरी सोडण्यापूर्वीच स्वतःकडे ठेवाव्यात. राजीनामा तोंडी देऊ नये. भविष्य निर्वाह निधी कापला जात असेल, तर बारा अंकी यूएएनच्या पासबुकात आस्थापनेचे नाव आणि महिनेवार भरणा दिसतो. मालकाने नोकरी सोडल्याची तारीख नोंदवली नाही, तर दोन महिन्यांनंतर कर्मचारी ती स्वतः ऑनलाइन नोंदवू शकतो. ही सोय २०२० पासून उपलब्ध आहे. हंगामी कामगारांकडे पुष्कळदा यांपैकी काहीच नसते. त्यांनी निदान हजेरीच्या नोंदी आणि रोख मजुरीचा तारीखवार हिशेब जपावा.

दुसऱ्या प्रश्नासाठी मालकाखेरीज इतर साक्षीदार असतात. ज्यांच्या हाताखाली प्रत्यक्ष काम केले ते पर्यवेक्षक, आधीच नोकरी सोडून गेलेले वरिष्ठ, नियमित ग्राहक किंवा त्याआधीचे मालक यांची नावे द्यावीत. मात्र त्यांना आधी विचारावे आणि कोणत्या कामासाठी अर्ज केला आहे, तेही सांगावे. अचानक फोन आला, तर भला माणूसही गडबडतो आणि त्याच्या मोघम उत्तरातून नकार ऐकला जातो.

तिसरे उत्तर स्वतःच द्यायचे असते. ते एका वाक्याचे आणि खरे असावे: ‘तीन महिने पगार वेळेवर मिळाला नाही, म्हणून राजीनामा दिला.’ त्यापुढे जुन्या मालकाचे दोष उगाळू नयेत. ऐकणाऱ्याला उद्या आपलीही पाळी येईल असे वाटते. तेथून प्रतिकूल मत येण्याची शक्यता असल्यास ते आधीच सांगून कागद पुढे करावेत. बनावट अनुभव प्रमाणपत्र मात्र कदापि जोडू नये. ते उघडकीस आले, की खरे अनुभवही संशयाच्या छायेत जातात.

कायद्याचा आधार आहे, पण त्याची मर्यादाही जाणावी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेनुसार राजीनाम्यानंतर दोन कामकाजाच्या दिवसांत देय वेतन चुकते करावे लागते. सद्भावनेने दिलेले प्रतिकूल मत ही बदनामी ठरत नाही. द्वेषाने केलेला खोटा आरोप मात्र भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली येऊ शकतो. सेवासमाप्तीच्या पत्रातील बदनामीकारक मजकुराबद्दल दिल्ली उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये एका माजी कर्मचाऱ्यास दोन लाख रुपयांची भरपाई मंजूर केली. तथापि, फोनवर बोललेला शब्द सिद्ध करणे कठीण असते आणि खटला वर्षानुवर्षे चालतो.

म्हणून खरी तयारी राजीनाम्याच्या आदल्या आठवड्यात करावी. कागद हाती असतील आणि दोन माणसे साक्षीला उभी राहणार असतील, तर जुन्या मालकाचे मत हे अनेक मतांपैकी एक उरते.