‘थिंग’ची गोष्ट

सेंट जॉन्स (आइल ऑफ मॅन), ५ जुलै

नेमका शब्द आठवला नाही की इंग्रज माणूस ‘थिंग’ म्हणून वेळ निभावून नेतो. कशालाही चालणाऱ्या या शब्दाचा जुना अर्थ मात्र ‘सभा’ असा आहे. ती सभा आज मी पाहून आलो.

इंग्लंड आणि आयर्लंड यांच्यामधलं हे बेट ब्रिटिश राजमुकुटाखाली आहे, पण युनायटेड किंग्डमचा भाग नाही. इथल्या संसदेचं नाव टिनवाल्ड. व्हायकिंगांच्या भाषेतला मूळ शब्द ‘थिंगवोल्लर’, म्हणजे सभेचं मैदान. वर्षातून एकदा ही संसद राजधानी डग्लस सोडून या गावातल्या चार टप्प्यांच्या हिरव्या टेकाडावर भरते. बेटावरच्या सतराही पॅरिशांची माती आणून ते रचलं, असं लोक सांगतात. वाटेवर लव्हाळी अंथरतात आणि नवे कायदे मॅन्क्स व इंग्रजीत जाहीर करतात. मॅन्क्स ही ज्याची मातृभाषा होती असा जुन्या पिढीतला शेवटचा माणूस १९७४ साली गेला. तरी कायदा आजही त्या भाषेत बोलतो, हे ऐकताना मला भरून आलं. कोणीही आपली तक्रार लिहून टेकाडाच्या पायथ्याशी देऊ शकतो.

आइसलँडची संसद अल्थिंग ९३० सालापासूनची. नॉर्वेच्या संसदेचं नाव स्टोर्टिंग. इंग्रजीत मात्र सभा विसरली गेली. सभेपुढे येणारा तंटा ‘थिंग’ झाला, मग कोणतीही बाब आणि शेवटी हातात धरता येणारी वस्तू. जुना अर्थ ‘हस्टिंग्ज’मध्ये तेवढा उरला. निवडणुकीच्या प्रचारसभांना ब्रिटनमध्ये आजही तेच म्हणतात, आणि त्यातला ‘टिंग’ म्हणजे हाच थिंग.

हे ऐकताना आपली ‘गोष्ट’ आठवल्यावाचून राहत नाही. संस्कृतात गोष्ठी म्हणजे जमलेल्यांची बैठक, तिथलं बोलणं. त्यातून मराठीत गोष्ट आली: सांगायची कथाही आणि कुठलीही बाबही. एकमेकींचं तोंडही न पाहिलेल्या दोन भाषा एकाच वाटेने चालल्या. माणसं एकत्र बसून ज्याविषयी बोलली, तीच गोष्ट. मला ही व्युत्पत्ती कुठल्याही व्याख्येपेक्षा खरी वाटते.

मॅनमध्ये तर ती कायद्यातच आहे. मंजूर झालेला कायदा १८ महिन्यांत या टेकाडावरून जाहीर झाला नाही, तर तो आपोआप रद्द होतो.