मामंजींची पद्मिनी : गिअर कोणता ठेवाल?

मैत्रिणींनो, १९६४ साली आलेली फियाट ११०० डिलाइट, तीच पुढे कुर्ल्याची प्रीमियर पद्मिनी झाली. सासऱ्यांच्या वेळची अशी गाडी पुन्हा रस्त्यावर आणायची ठरली, की मेकॅनिक हमखास म्हणतो, “वहिनी, स्टिअरिंगवरचा गिअर काढून खाली बसवून देतो.” लगेच मान डोलवू नका हं! दुसऱ्या गाडीचा गिअरबॉक्स बसवताना पत्रा कापावा लागतो, प्रोपेलर शाफ्टची लांबीही कधी बदलावी लागते. कापलेला पत्रा काही पुन्हा मूळचा होत नाही. शिवाय पुढच्या सलग सीटवर मधे धाकट्याला बसवायची सोय जाते, ती वेगळीच. जुना बॉक्स दुरुस्त होत असेल तर तोच ठेवा. त्याच्या पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नाही, म्हणून गाडी पूर्ण थांबल्यावरच तो टाकायचा.

क्लच-प्लेट घेताना जुनी बरोबर न्या, मॅचिंग ब्लाउजपीसला साडी नेतो तशी. व्यास आणि मधल्या खाचा दोन्ही जुळायला हव्यात. प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग तिन्ही एकदमच बदला. बेअरिंगपुरते पैसे वाचवायला जाल, आणि तेच घरघरू लागलं की अख्खा गिअरबॉक्स पुन्हा उतरवण्याची मजुरी भराल.