जागा उशिरा मिळाली, तर भरपाई कशी मागायची? साइटवरच्या क्लेमचं साधं गणित

आजचा भाग साइटवर राबणाऱ्या आपल्या पोरांसाठी.

आपल्या जालना जिल्ह्यात मोठी कामं एकामागून एक येतायत. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग इथूनच जातो. त्याचा नागपूर ते शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने १७४ किलोमीटरच्या जालना–जळगाव रेल्वेमार्गाला मंजुरी दिली, अंदाजे खर्च ७,१०६ कोटी. अशी कामं मोठ्या कंपन्यांच्या नावावर असतात. पण हायवा, जेसीबी, सेंट्रिंग, खडी हे बऱ्याचदा आजूबाजूच्या गावांतल्या पोरांचं असतं, तेही कर्जावर. काम लांबलं तरी हप्ता थांबत नाही. म्हणून क्लेम म्हणजे काय, हे समजून घ्यायला पाहिजे.

क्लेम म्हणजे भांडण नाही. करारात ठरलं होतं एक आणि साइटवर घडलं दुसरं, त्या फरकाचा हिशोब म्हणजे क्लेम. मागायच्या गोष्टी दोनच: वेळ आणि पैसा. या दोन्ही वेगवेगळ्या आहेत, आणि बरेच जण इथेच गोंधळतात.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. परतूर तालुक्यात १० किलोमीटरचा रस्ता, मुदत १२ महिने. कार्यारंभ आदेश मिळाला, पण मधल्या दीड किलोमीटरच्या मोबदल्याचा वाद मिटला नाही. ती जागा चार महिने उशिरा ताब्यात आली. आता किती मुदतवाढ मागायची? पटकन उत्तर येतं, चार महिने. थांबा. त्या तुकड्यात नुसता रस्ता असेल आणि त्याला तीन महिने लागणार असतील, तर चार अधिक तीन, सातव्या महिन्यात तो तुकडा संपतो. बाराची मुदत हललीच नाही. पण तिथे पूल असेल आणि त्याला दहा महिने लागणार असतील, तर काम चौदाव्या महिन्यात संपेल. म्हणजे खरा उशीर दोन महिन्यांचा. आम्ही सॉफ्टवेअरवाले ज्याला डिपेंडन्सी म्हणतो, तेच हे. कुठलं काम अडलं की सगळंच अडतं, ते आधी शोधायचं. म्हणून कामाचा मूळ बार चार्ट पहिल्याच महिन्यात मंजूर करून घ्या. तो नसेल तर उशीर मोजायचा कशावरून?

आता पैसा. भारतीय करार कायदा १८७२ चा. त्याचं कलम ७३ नुकसानभरपाई देतं, पण एक अट घालतं: नुकसान कमी करायला तुमच्या हातात काय उपाय होते, हेही बघितलं जातं. पोकलेन चार महिने उभं होतं म्हणता, तर ते उरलेल्या साडेआठ किलोमीटरवर का नाही नेलं? याचं उत्तर कागदावर पाहिजे. ऑफिसचा खर्च आणि बुडालेला नफा मोजायला हडसन, एमडेन, आयखले अशी सूत्रं आहेत. सुप्रीम कोर्टाने २००६ च्या मॅकडरमॉट प्रकरणात त्यांची चर्चा केली आणि कुठलं सूत्र वापरायचं हे लवादावर सोडलं. पण नुसतं सूत्र लावून भागत नाही. लॉगबुक, डिझेलच्या पावत्या, मस्टर लागतंच.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कलम ५५. समोरच्याने वेळेत करायची गोष्ट उशिरा केली आणि तुम्ही ती मुकाट्याने स्वीकारली, तर त्या उशिराची भरपाई नंतर मागता येत नाही. स्वीकारतानाच ‘मी भरपाई मागणार आहे’ अशी नोटीस द्यावी लागते. म्हणजे जागेचा ताबा घेताना दिलेलं एक पानाचं पत्र लाखमोलाचं ठरू शकतं. मुदतवाढीच्या अर्जासोबत ‘जादा रक्कम मागणार नाही’ असं हमीपत्र मागितलं जातं, तेही वाचूनच सही करा. शिवाय करारात स्वतःची मुदत असते. आंतरराष्ट्रीय फिडिक करारात घटना कळल्यापासून २८ दिवसांत नोटीस द्यायची असते. तुमच्या करारात किती दिवस आहेत, ते आजच बघा.

पावसाचं काय? जून ते सप्टेंबर पाऊस पडणार, हे टेंडर भरताना सगळ्यांनाच माहीत असतं. त्यामुळे नेहमीच्या पावसावर क्लेम टिकत नाही. पाऊस असाधारण होता हे दाखवायचं, तर आपल्या महसूल मंडळाची रोजची आकडेवारी जोडा. २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की शासन अतिवृष्टी धरतं. अशा वेळी साधारणपणे मुदतवाढ मिळते, पैसे मिळत नाहीत, कारण चूक कुणाचीच नसते. आपल्या काळ्या मातीत पाऊस थांबल्यावरही चार-पाच दिवस गाडी जात नाही. ते दिवसही तारखेसकट लिहून ठेवा.

आता पोटकंत्राटदारांकडे येऊ. जुलै २०२५ मध्ये सांगली जिल्ह्यात जलजीवन मिशनचं काम केलेल्या एका तरुणाने आत्महत्या केली. सुमारे १ कोटी ४० लाख थकल्याचं सांगितलं गेलं. सरकारकडून उत्तर आलं की त्याच्या नावावर कंत्राटच नाही. हे ऐकायला फार कठोर वाटतं, पण करार कायदा असाच चालतो. तुमचा करार मुख्य कंत्राटदाराशी, सरकारशी नाही. आणि तोही तोंडी असेल तर सिद्ध काय करणार? निदान दर, मोजमाप कोण घेणार आणि पैसे किती दिवसांत मिळणार, या तीन गोष्टी सहीसकट घ्या. ‘आम्हाला मिळाले की तुम्हाला देऊ’ अशी ओळ करारात असेल, तर तो धोका तुम्ही अंगावर घेतलाय, हे समजून पुढे जा.

व्हॉट्सअ‍ॅप चालतं का? चालतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुरावा देता येतो, पण सोबत प्रमाणपत्र लागतं. म्हणून मूळ फोटो जपा, फॉरवर्ड केलेला नाही. फोन बदलताना चॅटचा बॅकअप घ्या. आणि ग्रुपवर साहेब ‘करून टाका’ म्हणाले, तर संध्याकाळी तेच ईमेलवर लिहून पाठवा.

शेवटी दोन तारखा सांभाळा. पहिली, फायनल बिलाची. ‘काहीही येणे बाकी नाही’ यावर सही केली की दार जवळजवळ बंद होतं. ती सही दबावाखाली घेतली असेल, तर वाद लवादाकडे जाऊ शकतो, असं सुप्रीम कोर्टाने २००८ मध्ये बोघरा पॉलिफॅब प्रकरणात सांगितलं. पण नुसतं म्हणून चालत नाही, दबाव दाखवावा लागतो. दुसरी, तीन वर्षांची. थकलेल्या पैशांसाठी दावा करायची मुदत साधारण तेवढीच असते. तुम्ही स्मरणपत्रं पाठवत राहिलात म्हणून ती वाढत नाही. समोरच्याने मुदत संपायच्या आत देणं लेखी कबूल केलं, तर ती नव्याने मोजली जाते.

मी वकील नाही. मोठी रक्कम असेल तर वकिलाकडेच जा. पण वकीलसुद्धा पहिला प्रश्न विचारणार तो हाच: कागद कुठाय? तेव्हा आज रात्री करार काढा, नोटीस आणि मुदतवाढीची कलमं शोधा, त्यांचे फोटो फोनमध्ये ठेवा. काही अडलं तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात घेऊ. भेटू मग.