फायबरच्या होडीस रंग देण्यापूर्वी

कोकण किनाऱ्यावरील मच्छीमार बंधू पावसाळी मासेमारीबंदीच्या काळात फायबरच्या होड्या रंगवितात. पुष्कळदा हा रंग एका हंगामातच पापुद्रे धरून सुटतो आणि पैसा व श्रम वाया जातात. दोष बहुधा रंगाचा नसून पूर्वतयारीचा असतो.

होडी साच्यातून सहज सुटावी म्हणून साच्यास मेण लावतात. त्याचा अंश नव्या होडीवर राहतो व त्यावर रंग धरत नाही. म्हणून होडी प्रथम गोड्या पाण्याने धुऊन आडोशाखाली सुकवावी. नंतर थिनरमध्ये भिजविलेल्या फडक्याने मेण पुसावे. फडके वरचेवर बदलावे व विडी-काडी दूर ठेवावी. त्यानंतरच १२० नंबरच्या पॉलिशपेपरने घासावे. आधी घासल्यास मेण ओरखड्यांत शिरते. काचतंतूंची धूळ अपायकारक असल्याने मास्क अवश्य लावावा. धूळ पुसून, पृष्ठभाग पूर्ण कोरडा असतानाच प्रायमर द्यावा.

ग्रामसेवकांनी ही कृती एका होडीवर प्रत्यक्ष करून दाखवावी.