एक बटण गेले, विक्रेते का चिडले?

ऑनलाइन लिलावात समोरासमोर ओळख नसते. खरेदीदारांचे शेरे हीच विक्रेत्याची पत. मग तो मुंबईचा असो वा इगतपुरीतून जुनी नाणी विकणारा.

वाद काय होता?
२००८ मध्ये ईबेने विक्रेत्यांची खरेदीदारांना नकारात्मक शेरा देण्याची सोय काढली. विक्रीवरचे कमिशनही वाढवले. फेब्रुवारीत अनेक विक्रेत्यांनी आठवडाभर बहिष्कार टाकला.

कंपनीचे म्हणणे?
विक्रेता उलट शेरा देईल, या भीतीने खरेदीदार खरे बोलत नाहीत.

आपल्याकडे?
मुंबईची बाझी डॉट कॉम २००४ मध्ये ईबेने घेतली. ऑगस्ट २०१८ मध्ये ईबे इंडियाच बंद झाली.

काय करावे?
एकाच साइटवर विसंबू नका. व्यवहारांच्या नोंदी, वस्तूंचे फोटो स्वतःकडेही ठेवा.